ज्यांना कुणी विचारलं नाही

सिहोरा, आज

तुमसरहून आलेली एसटी तुम्हाला सिहोऱ्यात उतरवते आणि बपेऱ्याच्या दिशेने निघून जाते. धान कापून झालंय. बांध्यांमध्ये पुंजणे रचलेत आणि मळणीची धूळ रस्त्यापर्यंत आलीय. एका बाजूला चांदपूरची टेकडी आणि तिच्या पायथ्याचा तलाव, दुसरीकडे थोडं पुढे बावनथडी. नदीपलीकडे मध्य प्रदेश लागतो, पण सोयरीक करताना इथे कुणी राज्य विचारत नाही. अलीकडची लेक पलीकडे जाते, पलीकडची इकडे येते.

गाव सोडणं या भागाला नवं नाही. धानाचा हंगाम संपला की माणसं कामाला बाहेर पडतात, शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला जातात. पण ही माणसं दिवाळीला परत येतात, निदान येण्याचं बोलतात तरी. तुम्हाला बघायचंय ते वेगळंच जाणं. देवाने बोलावलं म्हणून घर सोडायचं, दूरच्या मुलखात आयुष्य घालवायचं आणि परतीचा विचारही मनात आणायचा नाही. ख्रिस्ती मिशनच्या इतिहासात अशा जाण्याची कितीतरी चरित्रं आहेत. त्यांत समुद्र आहे, ताप आहे, कबरी आहेत. त्याग हा शब्द पानोपानी आहे आणि तो बहुतेक वेळा निघणाऱ्याच्या नावावर जमा केलेला आहे.

तुम्ही ठरवता की या हिशेबाची दुसरी बाजू बघायची. त्यासाठी काळ उलटा फिरवावा लागेल. रस्त्यावरचं डांबर जातं, विजेच्या तारा जातात, भातगिरण्यांची घरघर थांबते. बांध्या तेवढ्या आहेत तिथेच राहतात.

नागपूर, १८४५

तुम्ही फार मागे येता. फेब्रुवारी महिना आहे आणि नागपूर अजून भोसल्यांचं आहे. रेल्वे यायला वीसेक वर्षं अवकाश आहे. मुंबईहून इथवर यायचं तर बैलगाडी, घोडा, नाहीतर पालखी. शहरात नुकतंच एक जोडपं येऊन पोचलंय: स्टीफन हिस्लॉप आणि त्याची बायको एरॅस्मा. तो स्कॉटलंडच्या डन्स गावचा, वय सत्तावीस. लग्नाला धड वर्षही झालेलं नाही. लग्न, निरोप, जहाज, मुंबई आणि हा मुलूख, सगळं एका दमात.

ते इथे आले त्याला कारणही एका बाईचा मृत्यूच. मद्रास फौजेतला विल्यम हिल नावाचा अधिकारी कामठीच्या छावणीत होता. बायको गेल्यावर त्याने या भागात मिशन सुरू व्हावं म्हणून मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे देणगी देऊ केली. त्या पैशावर फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने हिस्लॉपला धाडलं. त्याच्या आधी या बाजूला जर्मनीहून काही मिशनरी आले होते. गोंडांच्या मुलखात, अमरकंटकजवळच्या करंजियाला त्यांनी झोपड्या बांधल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात पटकीने त्यांच्यातले बरेचसे मातीत गेले. ही बातमी मिशनच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे एरॅस्मा निघाली ती जाणूनबुजून निघाली. धोका काय आहे हे तिला माहीत होतं, नवऱ्याचं काम काय हेही माहीत होतं. तिचा होकार लग्नाच्या होकारातच आला होता.

तुम्ही त्यांच्या दारात उभे राहून बघता. खोल्यांमध्ये पेट्या अजून उघडायच्यात. घरी पत्र लिहिलं तर ते जायला दोनेक महिने, उत्तर यायला आणखी तेवढेच. आईला ‘बरं वाटत नाही’ असं कळवावं, तर तिची काळजी इथे येऊन पोचेपर्यंत लिहिणारी बरी तरी झालेली असते, नाहीतर उरलेली नसते. त्या काळच्या मिशनरी घरांत माणसं पत्रात आजार लिहायचं टाळायची, ते यामुळेच.

तुम्ही अठरा वर्षं पुढे सरकता. १८६३, सप्टेंबर. आता हा मुलूख इंग्रजांचा आहे. हिस्लॉपने मधल्या काळात शाळा काढलीय. नागपूरच्या परिसरातले दगड आणि जीवाश्म गोळा करून विलायतेच्या विद्वानांना चकित केलंय. गोंडांची भाषा आणि त्यांच्या देवपुरुष लिंगोची गाणी गायक परधानांच्या तोंडून उतरवून घेतलीत. पावसाचे दिवस आहेत. टाकळघाटच्या जुन्या शिळावर्तुळांची पाहणी करायला चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा तळ पडलाय. गावातली शाळा तपासायची म्हणून हिस्लॉप मागे थांबतो. संध्याकाळी ओढा फुगलेला असतो. तळावर घोडा पोचतो तो एकटाच.

हिस्लॉपचं नाव कॉलेजला आहे, एका खनिजालाही आहे. त्याने गोंडांवर लिहून ठेवलेले कागद टेंपल यांनी १८६६ साली छापून आणले, ते आजही अभ्यासक चाळतात. एरॅस्माही मुलींच्या शिक्षणात राबली, पण वैधव्य आणि मुलं पदरात घेऊन उरलेलं आयुष्य काढणाऱ्या या बाईच्या नावाने शहरात काय आहे, असं तुम्ही नागपुरात कुणालाही विचारून बघा.

तुमसर रोड, १८९३

तुम्ही पुन्हा सिहोऱ्यात आहात, पण अंगात बंडी आणि धोतर आहे. पहाटेच्या अंधारात निघालेली बैलगाडी उन्हं वर येता येता देव्हाडीला पोचते. तुमसर गाव मागे राहिलं, स्टेशन इथे आहे. चिखल्याच्या आणि डोंगरीच्या मँगनीजचा अजून कुणाला पत्ता नाही. धक्क्यावर दिसतात ती धानाची पोती, मोहफुलं आणि लाखोळी. लोहमार्ग मात्र चांगला जुना झालाय. आधी अरुंद होता, बंगाल-नागपूर कंपनीने घेतल्यावर रुंद केला. नागपूरहून निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला जाते.

पाद्री म्हणजे काय हे तुमच्या गावाला ऐकून ठाऊक आहे. भंडाऱ्याला स्कॉटिश मिशनचं ठाणं १८८२ पासून आहे. औषध देतात, शाळा चालवतात, बाजारात उभे राहून बोलतात आणि लोक ऐकून घरी जातात.

गाडी येते. काळ ओलांडून आलेल्या माणसाला तिकीट कोण विचारणार? तुम्ही ज्या डब्यात शिरता तिथे दोघे समोरासमोर बसलेत आणि गप्पा आधीच रंगात आल्यात. एक तिशी ओलांडलेला कोकणस्थ ब्राह्मण: नारायण वामन टिळक. रत्नागिरीकडच्या करजगावचा जन्म, आई लहानपणीच गेली, बापाशी पटलं नाही, मग घर सुटलं ते सुटलंच. नाशिकला शिकला, कविता करतो, कीर्तन करतो, संस्कृतात मुरलेला आहे. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम केलं. आता राजनांदगावकडे चाललाय. दुसरा गोरा, अमेरिकन. मिशनरी आहे हे कपड्यांवरून आणि बोलण्यातल्या मराठी-हिंदीवरून कळतं.

टिळकांना वाटलं होतं, साहेब आहे, आता आपल्याला उठवणार. त्याने उलट सरकून जागा दिली. मग संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या. तुम्ही ऐकत बसता. डबा वैनगंगेच्या पुलावर चढतो, खाली पात्रातल्या खडकावर माडगीचं नृसिंहाचं देऊळ दिसतं. काव्यावरून बोलणं धर्मावर येतं. साहेब वाद घालत नाही. विचारतो, ऐकतो. उतरण्याआधी नव्या कराराची प्रत पुढे करतो आणि सांगतो की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते वेडेपणाचं वाटतं. त्याने नाव सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. हा माणूस फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, हे फार उशिरा उघड झालं.

तुम्हाला मात्र आताच ठाऊक आहे, त्यामुळे तुम्ही वॉर्डकडे जरा निरखून बघता. हा इलिनॉयकडचा. बायको फीबी हिला घेऊन लग्नानंतर लगेच हिंदुस्थानात आला, १८८१ च्या सुमारास बऱ्हाणपूरला. निघताना पाठीशी मंडळ नव्हतं, ठरलेला पगार नव्हता. देव देईल ते खायचं, असा त्यांचा बाणा. ऐकायला थोर वाटतं. पण घरात मुलं आली की देव देईल तेवढ्यात भागवायचं कसं, हा हिशेब चुलीपाशी करावा लागतो. त्यांच्या मुलीने पुढे आईवडिलांचं चरित्र लिहिलं. मिशनऱ्यांच्या मुलांना ना आईबापांचा देश आपला, ना जन्मगाव आपलं. शाळेचं वय झालं की पाठवायचं कुठेतरी डोंगरावरच्या वसतिगृहात किंवा थेट समुद्रापार. पुढे अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ साली कोडाईकनालला शाळा काढली ती याच अडचणीतून. सुट्टीला घरी आलेलं पोर आईला ओळख दाखवायला वेळ घेतं, हे दुःख त्या घरांत नेहमीचं होतं.

या डब्यात समोरासमोर बसलेल्यांपैकी एकाने बारा-तेरा वर्षांपूर्वी घर सोडलंय. दुसरा दोन वर्षांनी सोडणार आहे. ज्या बाईला याची सगळ्यात मोठी झळ बसणार आहे ती या गाडीत नाहीच.

जलालपूर आणि पंढरपूर, १८९५

राजनांदगावात टिळक ते पुस्तक वाचू लागतात. डोंगरावरचं प्रवचन त्यांना सोडत नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनमधल्या जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी ते पत्रव्यवहार करतात, आधी स्वतःचं खरं नाव लपवून. हेच अ‍ॅबट पुढे म्हातारपणी तुकोबा-एकनाथांची चरित्रं इंग्रजीत नेणार आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो.

तुम्ही मुंबईला जात नाही. तिथे काय झालं ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही नाशिकजवळच्या जलालपूरच्या वाटेला लागता, टिळकांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या माहेरी.

लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका गोखले, वय सव्वीस. अकराव्या वर्षी लग्न झालं. वडिलांचं सोवळं असं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं. लहानपणापासून शिवणं म्हणजे काय, विटाळ म्हणजे काय, हे तिच्या हाडात मुरलेलं. अक्षरओळख जेमतेम, ती नवऱ्याने करून दिलेली. नवरा लहरी. आज इथे, उद्या तिथे, कधी न सांगता गायब, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा. तिने हे सगळं सोसलंय आणि हसून सोसलंय. एक मुलगा हातचा गेलाय, एक आहे, दत्तू.

तिला हे आधी कुणी सांगितलेलं नाही. बातमी येते ती सगळं होऊन गेल्यावर.

तुम्ही माजघराच्या कडेला उभे आहात. घरात आवाज नाही. मेल्याची बातमी आली असती तर रडायची रीत होती, माणसं आली असती, दहावं-तेरावं झालं असतं. ही बातमी अशी की नवरा जिवंत आहे आणि बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं हे कुणाला सांगता येत नाही. शेजारणी दारापर्यंत येतात आणि तिथूनच बघतात. पोराला कुणी जवळ घेताना हात जरा आखडतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही तरी आईच्या येतं.

पुढे बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे तिला पंढरपूरला आपल्याकडे ठेवून घेतात. या दोघांचं नाव मिशनच्या कुठल्याही इतिहासात त्याग करणाऱ्यांच्या यादीत सापडणार नाही. पण बाटलेल्या माणसाची बायको आणि मूल घरात ठेवणं, पंढरपुरात, त्या साली, म्हणजे काय हे तुम्हीच समजून घ्या. जातीतल्या पंक्तीला जायचं तर प्रश्न, मुंज-लग्न काढायचं तर प्रश्न. पेंडशांनी ख्रिस्तासाठी काही सोडलं नाही. मेहुणीसाठी मात्र बरंच पणाला लावलं.

तिकडे टिळकांचंही बरं चाललेलं नाही. जुने मित्र तुटले, समाज तुटला, कवितेची वाहवा करणारे तोंड फिरवतात. नव्या समाजात ते अजून पाहुणे आहेत. बायको-मुलाशिवाय दिवस काढताना ते विरहाच्या कविता लिहून पाठवतात. तिला वाचता येतं त्याहून जास्त समजतं. लिहिणाऱ्याचा जीव तुटतोय हे कळतं. पण गाठ त्यानेच तोडली हेही कळतं.

इथे कायद्याची एक वाट आहे, ती तुम्हाला माहीत असायला हवी. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ चा कायदा त्याहून धारदार. धर्मांतर केलेल्याच्या बायकोने सहा महिने नांदायला नकार दिला, तर नवरा कोर्टात जाऊ शकतो. कोर्ट बायकोला विचारणार, वर्षभर मुदत देणार आणि तरी ती आली नाही तर लग्न मोडणार. म्हणजे नव्याने संसार मांडायला वाट मोकळी. बेळगावात १८५४ ला बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींची बायको त्यांच्याकडे नांदायला आली नाही. तो काळ या कायद्याच्या आधीचा, पण प्रश्न हाच होता. टिळक ही वाट धरत नाहीत. ते थांबतात. पत्रं लिहितात, भेटायला येतात, बोलणी खातात, परत जातात. लक्ष्मीबाईच्या बाजूने बघितलं तर टिळकांनी सोडलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हे थांबणं मोठं.

अहमदनगर आणि राहुरी, १९००

साडेचार-पाच वर्षं अशी जातात. मग ती नवऱ्याजवळ यायला तयार होते, पण आपल्या अटींवर.

तुम्ही नगरात तिच्या बिऱ्हाडी डोकावता. चूल वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळं. टिळक येतात ते पाहुण्यासारखे. पाण्याचा हंडा कुणी भरायचा, कुणी शिवायचं नाही, याची रोजची व्यवस्था लावताना ती मेटाकुटीला येते, पण सोडत नाही. हे तिचं हट्टीपण नाही. नवरा गेला, जात दुरावली, माहेरचा मान गेला. तिचं म्हणावं असं तेवढं सोवळं उरलंय.

मिशनच्या लोकांना हे बघून काय वाटत असेल? काहींना दया, काहींना अधीरपणा. टिळकांनी घाई केली असती तर ती परत गेली असती. ते गप्प राहतात. दत्तू दोन्ही घरांत जातो-येतो, दोन्हीकडचं खातो. तिला ते दिसतं आणि ती न बघितल्यासारखं करते.

पुढे राहुरीला ही गाठ सुटते, आणि ती कुणाच्या उपदेशाने सुटत नाही. ती एकटीच विचार करत बसलेली असताना मनात येतं की देवाने माणसं केली, पुरुष आणि बाई केले, जाती त्याने कुठे केल्या? त्या आपणच केल्या. आणि मग ती ठरवते की आजपासून कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. ती हे टिळकांना सांगते. तुम्ही तिथेच असाल तर टिळकांचा चेहरा बघा. त्यांनी वाद घालून हे कधीच मिळवलं नसतं.

१९०० साली लक्ष्मीबाई आणि दत्तू ख्रिस्ती होतात. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याने घर सोडलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ती स्वतः निघते. दुष्काळाचं साल आहे, नगर जिल्ह्यात माणसं अन्नाला महाग झालीत, मिशनच्या आवारात अनाथ पोरांचे थवे आहेत. टिळकांच्या घरात अशी मुलं येत राहतात आणि सांभाळायचं काम अर्थातच तिच्याकडे येतं. नवरा कविता करतो, उपदेश करतो, जवळ असेल ते देऊन टाकतो. घरात पीठ किती उरलंय हे ती जाणते.

१९१७ साली टिळक आणखी एकदा निघतात. मिशनचा पगार, मिशनची चौकट, दोन्ही सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडतात. हिंदुस्थानातला ख्रिस्ती माणूस हिंदुस्थानी मनाचा असावा, त्याला विलायतेच्या खर्चावर जगायची गरज नसावी, असा त्यांचा ध्यास. विचार काळाच्या पुढे होता हे आज सगळे मान्य करतात. पण ठरलेला पगार सोडायचा म्हणजे किराण्याच्या दुकानदाराला काय सांगायचं, हा प्रश्न दरबाराच्या घटनेत नव्हता. या वेळी मात्र ती अंधारात नव्हती. ती कुरकुरली असेल, चिडली असेल, पण ती सोबत होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

नागपूर, १९३३

तुम्ही पुन्हा त्या लोहमार्गावर आहात, उलट्या दिशेने. डोंगरगड, गोंदिया, वैनगंगेचा पूल, तुमसर रोड, नागपूर. शहरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलंय. अध्यक्षस्थानी पासष्टीची बाई बसलीय. लक्ष्मीबाई टिळक.

मधल्या काळात तिने मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केलं, मुलाबरोबर कराचीला राहिली, मग नाशिकला स्थिरावली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचं काव्यचरित्र लिहायला घेतलं होतं. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेलं काव्य, चौसष्ट अध्याय, तिने लिहिलं. अक्षर जेमतेम ओळखणाऱ्या मनकर्णिकेने. आणि आता ती स्वतःच्या आठवणी लिहीत आहे, त्या पुढच्या काही वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ नावाने भागाभागाने येतील. १९३६ च्या फेब्रुवारीत ती नाशिकला वारेल.

तुम्ही सभामंडपात मागे बसून विचार करता की या पुस्तकाने नेमकं काय केलं. मिशनरी चरित्रं लिहिणारे बहुतेक वेळा निघणाऱ्याच्या खांद्यावर बसून जग बघतात. बंदर मागे पडतं, किनाऱ्यावरची माणसं लहान होत जातात, मग दिसेनाशी होतात, आणि गोष्ट पुढे जाते. लक्ष्मीबाईने किनाऱ्यावर उभं राहून लिहिलं. त्यात नवऱ्याची थट्टा आहे, राग आहे, आणि इतकं प्रेम आहे की वाचणाऱ्याला टिळक तिच्यामुळेच आवडू लागतात. तिने त्यांना संत करून ठेवलं नाही. त्यांच्या बाप्तिस्म्याने तिच्यावर काय गुदरलं तेही झाकलं नाही. दोन्ही एका घरात राहू शकतात, हे तिने दाखवलं.

घर सोडणाऱ्याचा त्याग खोटा नसतो. हिस्लॉप टाकळघाटच्या ओढ्यात खरोखर बुडाला. वॉर्ड दांपत्याने ठरलेल्या पगाराविना दिवस खरोखर काढले. टिळकांनी जात, मित्र, मान आणि शेवटी मिशनचा आधार, सगळं खरोखर सोडलं. पण निघणाऱ्याला त्यागाच्या बदल्यात एक गोष्ट मिळते: आपण कशासाठी निघालो हे त्याला ठाऊक असतं. मागे राहिलेल्याला किंमत तेवढीच द्यावी लागते, कधी जास्त, पण कारण त्याचं नसतं. एरॅस्मा जाणून निघाली, तरी मुलांना कुणी विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाईला १८९५ ला विचारलं नाही. १९०० ला तिने स्वतः ठरवलं. ती एकच बाई, किंमत जवळपास तीच, पण पहिल्या वेळी तिला जगणं नकोसं झालं आणि दुसऱ्या वेळी ती दुसऱ्यांची पोरं वाढवायला उभी राहिली.

हे फक्त ख्रिस्ती मिशनचं नाही. संन्यास घेणारा, चळवळीत उडी टाकणारा, सैन्यात जाणारा, वर्षानुवर्षं परदेशी कमावणारा, या सगळ्यांच्या मागे एक चूल असते आणि तिच्यापुढे कुणीतरी बसलेलं असतं. आपल्याकडे निघणाऱ्याला ओवाळायची रीत आहे. ओवाळणारीला काही विचारायची नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीतलं कुणी मोठ्या कामासाठी घर सोडून निघालं, त्याचा निरोपसमारंभ ठेवला आणि तुम्हाला बोलावणं आलं, तर जा. हार घाला, दोन शब्द बोला. मग मागच्या रांगेत त्याची बायको असेल, नवरा असेल, म्हातारी आई असेल, दहावीतलं पोर असेल. त्यांच्यापैकी कुणाला तरी बाजूला घेऊन एवढंच विचारा: तुम्हाला हे केव्हा कळलं, ठरायच्या आधी की ठरल्यावर? उत्तर काय येतं त्यावरून त्या घराचं पुढे काय होणार, याचा अंदाज तुम्हाला येईल.